दाढ अर्धी उरली असेल तर

भाकरीचा घास चावताना कट्‌कन आवाज येतो. खडा असेल असं वाटतं, पण जीभ फिरवली की मागच्या दाढेला धारदार कड लागते आणि हातात येतो तो दाढेचाच तुकडा. बहुतेक वेळा ही दाढ बऱ्याच वर्षांपूर्वी भरलेली असते, दुखत नसते, म्हणून तिच्याकडे कोणी पाहिलेलं नसतं. दवाखान्यात गेल्यावर ‘आता कॅप बसवावी लागेल’ असं ऐकायला मिळतं. काही दाढांना कॅप लागतेच. पण फिलिंग आणि कॅप यांच्या मधला एक उपाय आहे, ऑनले नावाचा, आणि तो आपल्याकडे पेशंटला फारसा माहीत नसतो. तो काय असतो, कसा बसवतात आणि कुठे बिघडतो, हे आपण क्रमाने पाहू.

आधी दाढेची रचना. दाढेचा माथा सपाट नसतो. त्यावर चार किंवा पाच उंचवटे असतात आणि त्यांच्या मधून खाचा गेलेल्या असतात. सगळ्यात बाहेरचं कवच म्हणजे एनॅमल. आपल्या शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ, वजनाने सुमारे 96 टक्के खनिज. त्याखाली डेंटिन, थोडं मऊ आणि किंचित लवचीक. आणि सर्वांत आत नस, म्हणजे रक्तवाहिन्या आणि संवेदना नेणारे तंतू. एनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत संपून गेलेल्या असतात. त्यामुळे एकदा गेलेलं एनॅमल शरीर पुन्हा बनवत नाही, मग ते किडीने गेलेलं असो की डॉक्टरांच्या ड्रिलने. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

उदाहरणासाठी खालची पहिली दाढ घेऊ, कारण किडणाऱ्या दाढांत हिचा नंबर बराच वर लागतो. ही वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास येते. कुठलाही दात न पडता, दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप उगवते, म्हणून घरात सगळे तिलाही दुधाचीच समजतात. ‘पडेल आपोआप’ म्हणून तिच्या किडीकडे लक्ष दिलं जात नाही. ती मात्र आयुष्यभरासाठी आलेली असते. समजा, अशा दाढेत विशीत चांदी भरली होती आणि आता पंचेचाळिशीत तिची जिभेकडची भिंत तुटली.

ती का तुटली? आपण ज्याला चांदी म्हणतो ते अमाल्गम, म्हणजे चांदी, कथील आणि तांब्याच्या भुकटीत पारा कालवून केलेलं मिश्रण. ते टिकाऊ असतं, पण दाताला चिकटत नाही. खड्ड्यात अडकून बसावं म्हणून खड्डा आत रुंद कोरावा लागतो. दोन दातांच्या मधून कीड लागली असेल तर हा खड्डा पुढून मागे आरपार जातो आणि गालाकडे एक, जिभेकडे एक अशा दोन सुट्या भिंती उरतात. लाकडाच्या ओंडक्यात पाचर बसावी तसं प्रत्येक घासाला मधलं भरण त्या भिंतींना बाहेर रेटतं. वर्षानुवर्षं हे चाललं की मुळाशी बारीक तडा जातो आणि एक दिवस भाकरी निमित्त ठरते.

‘रूट कॅनाल केलं की दात ठिसूळ होतो’ असं आपण ऐकत आलो आहोत. 1989 साली रीह, मेसर आणि डग्लस या संशोधकांनी दातांचा ताठपणा किती कमी होतो ते मोजलं. निव्वळ रूट कॅनालच्या कामाने तो सुमारे 5 टक्के घटला. पुढून मागे आरपार खड्डा कोरल्यावर मात्र 63 टक्के. दाताच्या पुढच्या आणि मागच्या कडेला जो बांध असतो, तो दोन्ही भिंतींना बांधून ठेवतो. तो बांध गेला की दात उघडा पडतो. अशा दाढेत पुन्हा मोठं फिलिंग भरून खरी अडचण सुटत नाही. उरलेल्या भिंतींना वरून झाकणारं काहीतरी हवं.

तेच ऑनले करतो. तोंडाबाहेर तयार केलेला हा दाताच्या आकाराचा तुकडा खड्डा तर भरतोच, शिवाय एक किंवा अधिक उंचवटे वरून झाकतो. उंचवट्यांच्या मधल्या खड्ड्यातच बसणाऱ्या तुकड्याला इनले म्हणतात. कॅप दाताला वरून आणि चारही बाजूंनी वेढते. वेढण्यासाठी जागा लागते, म्हणून कॅपसाठी दात सगळीकडून घासून बारीक करावा लागतो, धडधाकट बाजूसुद्धा. एडेलहॉफ आणि सोरेन्सन यांनी 2002 मध्ये मोजून दाखवलं की पूर्ण कॅपसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागापैकी साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग जातो. ऑनलेसाठी त्याहून पुष्कळच कमी.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असं की कॅपला होकार देण्याआधी आपण एवढं विचारावं: ‘डॉक्टर, उरलेल्या भिंती चांगल्या आहेत का? असतील तर त्या कापणं गरजेचं आहे का?’ या प्रश्नाने चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही. कधी कधी उत्तर ‘हो, गरजेचं आहे’ असंच येईल, पण त्यामागचं कारण आपल्याला कळलेलं असेल.

खर्चाचंही आत्ताच सांगून टाकतो. ऑनले कॅपपेक्षा स्वस्त पडेल अशी अपेक्षा ठेवू नये. लॅबचं काम तेवढंच असतं आणि खुर्चीवरचा वेळ उलट जास्त लागतो. ऑनले निवडायचा तो दात वाचतो म्हणून.

पहिला टप्पा तपासणीचा. डॉक्टर थंड लावून नस जिवंत आहे का पाहतात, छोटा एक्स-रे काढतात. दवाखान्यात त्याला आर.व्ही.जी. म्हणतात. चावताना दुखत नाही पण चावलेलं सोडताना कळ येते, असं असेल तर ते नक्की सांगावं. ती तड्याची खूण असू शकते आणि तडा एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही.

यानंतर पाहायचं ते तुटलेली कड हिरडीच्या किती खाली गेली आहे आणि कडेला एनॅमल उरलं आहे का. ऑनले चिकटून बसतो, आणि सर्वांत घट्ट चिकटतो तो एनॅमललाच. कडेनं एनॅमलचं कडं शाबूत असेल तर उत्तम. तुटकी कड हिरडीखाली खोल गेली असेल, तिथे कोरडं ठेवणं अशक्य असेल किंवा भिंती जवळजवळ उरल्याच नसतील, तर ऑनलेचा हट्ट धरू नये. तिथे कॅप योग्य. झोपेत जोरजोरात दात खाणाऱ्यांच्या बाबतीतही डॉक्टर फार विचार करून ठरवतात.

खरा निर्णय जुनं भरण काढल्यावरच होतो. चांदीखाली काय दडलंय ते तोवर कोणालाच दिसत नाही. उरलेली भिंत दोनेक मिलिमीटरपेक्षा पातळ निघाली तर तीही झाकावी लागते. चावण्याचा मुख्य भार जिच्यावर येतो त्या भिंतीला तीनेक मिलिमीटर जाडी हवी. त्यामुळे ‘ऑनले ठरला होता, आता कॅप सांगतात’ किंवा उलटही होऊ शकतं. पैशांचं बोलणं सुरुवातीलाच दोन्ही शक्यता धरून करून घ्यावं, म्हणजे मनात किंतु राहत नाही.

दुसरा टप्पा दात तयार करण्याचा. दाताचा रंग सगळ्यात आधी जुळवायचा असतो, तोंड उघडून बसण्यापूर्वी. दात थोडा वेळ कोरडा राहिला की पांढरट दिसू लागतो, आणि तेव्हा निवडलेला रंग नंतर वेगळा उठून दिसतो. मग भूल, मग जुनं भरण आणि कीड काढणं. आतले कोपरे गोलसर ठेवतात, कारण सिरॅमिक टोकदार कोपऱ्यापासून तडकतं. झाकायच्या उंचवट्यावर दीड ते दोन मिलिमीटर जागा करतात. इथे एक चूक नेहमी होते: दात जास्त कापायला नको म्हणून जागा कमी ठेवली जाते, ऑनले पातळ होतो आणि वर्ष-दोन वर्षांत फुटतो. दात वाचवायचा म्हणजे मोजून कापायचा.

उघडं पडलेलं डेंटिन त्याच वेळी चिकटद्रव्याच्या थराने बंद करून घेण्याची पद्धत आता चांगली रुळली आहे. ताज्या डेंटिनला हा थर चांगला चिकटतो आणि मधल्या दिवसांत थंड-गरम झोंबत नाही. आपले डॉक्टर हे करणार आहेत का, हे विचारायला हरकत नाही.

तिसरा टप्पा माप घेण्याचा. सिलिकॉनचा मऊ लगदा तोंडात दाबून धरतात किंवा छोट्या कॅमेऱ्याने दात स्कॅन करतात. कडेवर रक्ताचा किंवा लाळेचा थेंब असला की माप तिथेच धूसर होतं, आणि धूसर मापावरून केलेला तुकडा कडेला फट ठेवून बसतो. त्या फटीतून पुन्हा कीड शिरते. हिरड्या सुजून रक्त येत असेल तर आधी दातांची सफाई करून आठवडाभर हिरड्या बऱ्या होऊ द्याव्यात आणि मगच माप घ्यावं. घाई आपल्याकडूनच होते, ‘आजच उरकून टाका’ म्हणून.

मधले दिवस तात्पुरत्या भरणाचे. साधारण आठवडाभर ऑनले लॅबमध्ये तयार होत असतो आणि दातावर तात्पुरता तुकडा असतो. चिक्की, च्युइंगगम, कडक शेव त्या बाजूला नको. फ्लॉस म्हणजे दातांमधून फिरवायचा धागा वर खेचू नये, बाजूने ओढून काढावा. तुकडा निघाला तर दुखत नाही म्हणून बसून राहू नये, फोन करून जावं. शेजारचे दात मोकळ्या जागेकडे किंचित सरकतात, आणि मग आलेला ऑनले बसत नाही.

आणि एक गोष्ट आपल्याकडच्या सवयीची. दाढ ठणकली की लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवतात. लवंगेच्या तेलात मुख्यतः युजेनॉल असतं. ते वेदना कमी करतं हे खरं, पण चिकटवण्याचं रेझिन नीट घट्ट होऊ देत नाही. याच कारणाने ऑनलेच्या आधी डॉक्टर युजेनॉल नसलेलं तात्पुरतं सिमेंट वापरतात. त्या दिवसांत लवंगेचं तेल टाळावं, आणि लावलंच असेल तर न संकोचता सांगावं.

लॅबमध्ये काय होतं? शतकभरापूर्वी हे तुकडे सोन्याचे असत. 1907 साली अमेरिकेत विल्यम टॅगर्ट यांनी मेणाचा नमुना वितळवून त्या जागी सोनं ओतण्याची पद्धत दंतवैद्यकात रुजवली. सोन्याचा ऑनले आजही टिकायला अव्वल मानला जातो, रंग चालत असेल तर. आता बहुतेक काम सिरॅमिकचं. लिथियम डायसिलिकेट नावाच्या सिरॅमिकची जांभळट वडी यंत्रात कोरतात. मग ती सुमारे 850 अंश सेल्सियसच्या भट्टीत ठेवली की जांभळा रंग जाऊन दाताचा रंग येतो आणि मजबुतीही येते. दवाखान्यातच स्कॅन करून एका बैठकीत तुकडा कोरण्याची सुरुवात झुरिक विद्यापीठात वेर्नर म्योर्मान आणि मार्को ब्रांदेस्तिनी यांनी 1985 मध्ये केली. ते यंत्र असेल तर मधला आठवडा आणि तात्पुरतं भरण दोन्ही वाचतं.

झिरकोनिया आणखी कणखर असतो. पण तो आम्लाने खरवडला जात नाही, त्याला चिकटवण्याची रीत वेगळी आहे. ज्याचं आयुष्य चिकटण्यावर आहे अशा तुकड्यासाठी, जिवंत दाढेवर, मी लिथियम डायसिलिकेटलाच पसंती देईन. कोणतंही मटेरियल वापरलं तरी त्याचं नाव बिलावर लिहून घ्यावं.

आता सगळ्यात महत्त्वाची बैठक, चिकटवण्याची. ऑनलेला कॅपसारखी चहूबाजूंनी पकड नसते. तो टिकतो चिकटद्रव्यावर, आणि चिकटद्रव्याचा वैरी म्हणजे ओल. नुसती लाळ नाही, श्वासातली वाफसुद्धा. म्हणून दाताभोवती रबर डॅम लावतात. पातळ रबराचा हा पडदा असतो, त्याला भोक पाडून फक्त दात बाहेर काढतात. पहिली दोन मिनिटं गुदमरल्यासारखं वाटतं, पण नाकाने श्वास घेत राहिलं की सवय होते. नाक चोंदलं असेल तर त्या दिवशी जाऊच नये, तारीख पुढे ढकलावी.

आधी ऑनले कोरडाच बसवून पाहतात. शेजारच्या दाताशी फ्लॉस थोडा अडकून आत जातो का, कडा जुळतात का, रंग पटतो का. या वेळी आपण दात मिटून चावू नये. न चिकटवलेलं सिरॅमिक बिनआधाराचं असतं, ते तडकू शकतं. ‘बघू जरा, कसं वाटतंय’ म्हणून हळूच चावून पाहण्याचा मोह इथे महागात पडतो.

मग दोन्ही बाजूंची तयारी होते. ऑनलेच्या आतल्या बाजूला, तोंडाबाहेर, हायड्रोफ्लोरिक आम्ल सुमारे 20 सेकंद लावतात. पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे खळगे तयार होतात. तो धुऊन त्यावर सायलेन लावतात. हे द्रव्य एका अंगाने सिरॅमिकला धरतं आणि दुसऱ्या अंगाने रेझिनला. इकडे दातावरचा तात्पुरत्या सिमेंटचा कण न् कण काढून बहुधा निळ्या रंगाची फॉस्फोरिक आम्लाची जेल लावतात, एनॅमलवर साधारण अर्धा मिनिट. ती धुऊन हवेने वाळवलं की एनॅमल खडूसारखं पांढरट, निस्तेज दिसतं. तोच चिकटायला तयार झालेला पृष्ठभाग. आम्लाने एनॅमल खरवडून चिकटवण्याची ही युक्ती मायकेल बुओनोकोर यांनी 1955 मध्ये मांडली आणि दात भरण्याची सगळी विद्याच तिने बदलली.

त्यानंतर चिकटद्रव्य, मग रेझिन सिमेंट, मग ऑनले अलगद दाबून जागेवर. कडेनं बाहेर आलेलं सिमेंट कडक होण्याआधी पुसून घेतात आणि दोन दातांच्या फटीतून फ्लॉस फिरवतात. हे राहून गेलं तर तिथे दगडासारखा थर बसतो आणि हिरडी कायम सुजते. मग सगळ्या बाजूंनी निळा प्रकाश देतात. हवेतल्या ऑक्सिजनमुळे सिमेंटचा बाहेरचा पापुद्रा कच्चा राहतो, म्हणून शेवटचा प्रकाश देताना कडेवर ग्लिसरीनची जेल लावतात. आम्लानंतरच्या कुठल्याही क्षणी लाळ लागली तर ती पायरी पुन्हा करावी लागते. मध्येच लाळ साचल्यासारखी वाटली तर तोंड न मिटता हात वर करावा. या सगळ्याला वेळ लागतो. लंच टाइममध्ये बसवून येऊ असा बेत करू नये.

शेवटी चावा तपासतात. निळ्या कागदावर चावून ठसे कुठे उमटतात ते पाहतात आणि उंच भाग घासतात. अडचण अशी की भूल अजून उतरलेली नसते, आणि भिडेपोटी आपण ‘ठीक आहे’ म्हणतो. घरी आल्यावर, बधिरपणा गेल्यावर, सगळ्यांत आधी हाच दात लागतोय असं वाटलं तर दुसऱ्याच दिवशी परत जावं. ‘होईल सवय’ म्हणून थांबू नये. केसाएवढा उंच ऑनलेसुद्धा दाढ दुखवतो आणि स्वतः तडकतो. दोन मिनिटांचं काम असतं ते. आणि बधिरपणा जाईपर्यंत जेवूही नये, गाल चावला गेलेला कळत नाही.

काही दिवस थंड झोंबणं साहजिक आहे, ते कमी कमी होत जायला हवं. वाढत गेलं, गरम लागल्यावर कळ टिकून राहिली किंवा रात्री ठणका लागून झोप मोडली, तर नस दुखावली आहे असं समजून लगेच दाखवावं. मुळात खोल किडलेल्या दाढेत काम नीट होऊनही हे घडू शकतं. मग ऑनलेमधूनच छोटं छिद्र करून रूट कॅनाल करता येतं.

रूट कॅनाल आधीच झालेल्या दाढेवरही ऑनले बसवतात, पण तिथे बिघाडाचं प्रमाण जिवंत दाढेपेक्षा जास्त आढळलं आहे. ऑनले किंवा कॅप, जे ठरेल ते लवकर करून घ्यावं. रूट कॅनाल झाल्यावर दुखणं थांबतं आणि माणूस पुढच्या अपॉइंटमेंटला जातच नाही. तीच उघडी दाढ काही महिन्यांनी उभी चिरते आणि काढावी लागते. इतका वेळ आणि पैसा घालून वाचवलेली दाढ अशी गमावलेली पाहून फार हळहळ वाटते.

टिकतो किती? 2016 साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या आढाव्यात सिरॅमिकच्या इनले-ऑनलेपैकी 91 टक्के दहा वर्षांनंतरही कामात असल्याचं दिसलं. बिघडले त्यांत सर्वाधिक फुटलेले किंवा टवका उडालेले होते, त्याखालोखाल नसेचा त्रास झालेले. पुन्हा कीड लागणं आणि निघून येणं ही कारणं त्यामानाने किरकोळ निघाली.

म्हणजे जपायचं ते फुटण्यापासून. सुपारी अडकित्त्याने बारीक केलेलीसुद्धा त्या दाढेखाली नको, सोडता आली तर बाकी कारणांसाठीही सोडावीच. मटणाची नळी फोडणं, ऊस सोलणं, बर्फ चावणं बंद. झोपेत दात खाण्याची सवय असेल आणि ते आपल्याला माहीत नसेल, तर शेजारी झोपणाऱ्याला माहीत असतं, त्याला विचारावं. सवय असल्यास रात्री घालायचा नाइट गार्ड करून घ्यावा. मिश्री लावत असाल तर ती थांबवावी. त्या तंबाखूने हिरडी आणि दात दोन्हींचं नुकसान होतं, आणि ऑनलेची कड तेवढ्यावरच उभी असते. रोज फ्लॉस, दोन वेळा ब्रश, सहा महिन्यांनी एकदा डॉक्टरांना दाखवणं, एवढी देखभाल पुरते.

आणि ऑनले कधी निघून आलाच तर घाबरू नये. पाण्याने हलकेच विसळून छोट्या डबीत ठेवावा, टिश्यूत गुंडाळू नये, तो कचऱ्यात जातो. आतल्या बाजूला चिकटलेलं काही खरवडू नये. घरातल्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाने तो बसवण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये: तो वाकडा बसतो, गोंद हिरडीला भाजतो आणि पुढे डॉक्टरांना तो काढताना दात खरवडावा लागतो. त्या बाजूने न चावता दोन-तीन दिवसांत डबी घेऊन जावं. तुकडा अखंड असेल आणि खाली कीड नसेल, तर बऱ्याचदा तोच साफ करून पुन्हा चिकटवता येतो.